शेतकरी, सैनिक, आमदार: जेरेमाया रस्क आणि जनावराचा दाखला

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कृषी पदवीधर, घरी बारा जनावरांचा गोठा. अमेरिकेच्या कृषी खात्याचा इतिहास चाळताना तुम्हाला जेरेमाया रस्क हे नाव भेटलं. त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १८९५ मध्ये, निघालेल्या चरित्राच्या शीर्षकातच घोडागाडी हाकणारा, शेतकरी, सैनिक, आमदार, गव्हर्नर, मंत्री अशी बिरुदं ओळीनं लावली आहेत. तुम्ही विचारता: एक माणूस खरोखर एवढं सगळं असतो, की ‘शेतकऱ्याचं पोर’ हे निवडणुकीपुरतं कुंकू? पशुवैद्यक या माणसाचं नाव का घेतात? मजुरांवर गोळ्या झाडायला लावणारा गव्हर्नर तो हाच का? आणि जाता जाता लिहिलंत की बाहेरून आणलेली एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन या परदेशी दुभत्या जातीची) गाय बाविसाव्या दिवशी लाल लघवी करू लागली आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी गेली.

मी बत्तीस वर्षं पशुधन विकास अधिकारी होतो. इतिहास हा माझा धंदा नाही. रस्क मला भेटला तो गोचिडाच्या वाटेनं, त्यामुळे उत्तरही त्याच वाटेनं जाईल. तुमच्या गाईपर्यंत शेवटी येतो.

बिरुदं खोटी नाहीत. फक्त ती एकामागून एक आली असं समजू नका. त्या काळच्या अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत माणूस सकाळी एक असायचा आणि संध्याकाळी दुसरा. रस्क १७ जून १८३० ला ओहायो राज्यातल्या मॉर्गन काउंटीत शेतकऱ्याच्या घरी जन्मला. वडील लवकर गेले, पोरगा मिसरूड फुटायच्या वयात असतानाच शेताचा भार अंगावर आला. शाळा शेतातून सवड मिळेल तेवढीच. मग प्रवासी घोडागाडी हाकली. घोडागाडी हाकणं म्हणजे चार-सहा घोड्यांचे लगाम एका मुठीत धरून चिखलातून, रात्री-अपरात्री, माणसं आणि टपाल वेळेवर पोचवणं. घोडा दमलाय की नाटक करतोय हे कळावं लागतं. ज्यानं बैलगाडी रात्रीची हाकली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

१८५३ मध्ये तो विस्कॉन्सिनला गेला आणि विरोक्वा या गावी स्थायिक झाला. माझी मुलगी विस्कॉन्सिनमधल्याच मॅडिसनला असते. तिच्याकडे गेलो तेव्हा हट्टानं तिकडे गेलो होतो. अमेरिकेचा मधला भाग म्हणजे परातीसारखा सपाट, अशी माझी समजूत होती. हा मुलूख तसा नाही. हिमयुगातल्या बर्फानं आसपासची जमीन रगडून सपाट केली, पण हा तुकडा त्यातून सुटला. त्यामुळे डोंगरधारा, अरुंद दऱ्या, दरीच्या तळाला ओढा. आमच्या मावळातल्या माणसाला घरी आल्यासारखं वाटावं. आज तिथं उताराला आडवे वळणारे पिकांचे पट्टे दिसतात, गवताचा एक, मक्याचा एक. ते मात्र रस्कच्या काळातले नाहीत; माती वाहून गेल्यावर १९३३ पासून आलेलं ते शहाणपण आहे. रस्कच्या काळात सगळं गव्हावर होतं. नवी जमीन, पहिल्या नांगराचा गहू, विकला की आणखी जमीन.

तर तिथं त्यानं खानावळ-कम-मुक्कामाची जागा चालवली, शेती केली, १८५५ मध्ये काउंटीचा शेरीफ झाला. काउंटीचं नाव तेव्हा ‘बॅड ॲक्स’, म्हणजे सरळ ‘वाईट कुऱ्हाड’. १८३२ मध्ये त्याच नावाच्या नदीच्या मुखाशी ब्लॅक हॉक या मूळनिवासी पुढाऱ्याच्या लोकांची कत्तल झाली होती. नव्या वसाहतवाल्यांना या नावाची अडचण व्हायला लागली, आणि १८६२ मध्ये ते बदलून ‘व्हर्नन’ केलं. जमीन कोणाकडून आली हे नाव बदलल्यानं बदलत नाही, पण ते असो.

आमदारकी आली ती याच वर्षी. १८६२ च्या जानेवारीत तो राज्याच्या विधानसभेत बसला. आमदार या शब्दानं आपल्या डोळ्यांसमोर पांढरी गाडी आणि मागे चार पोरं येतात, ती आधी पुसून टाका. विस्कॉन्सिनच्या मूळ राज्यघटनेनं आमदाराला हजेरीच्या दिवसाला अडीच डॉलर आणि येण्या-जाण्याचे मैलाला दहा सेंट ठरवून दिले होते. विधानसभेची मुदत एका वर्षाची. अधिवेशन जानेवारीत, म्हणजे जमीन बर्फाखाली असताना. पेरणीच्या आत घरी. ही व्यवस्था शेतकऱ्याचं वेळापत्रक पाहूनच चालायची, आणि म्हणून ‘शेतकरी आणि आमदार’ ही जोडी तिथं विचित्र नव्हती. सभागृह भरवायला तशीच माणसं मिळायची.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो विस्कॉन्सिनच्या पंचविसाव्या पायदळ पलटणीत मेजर झाला. यादवी युद्धाचं दुसरं वर्ष. गुलामगिरी टिकवायची म्हणून फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं एका बाजूला, संघराज्य दुसऱ्या बाजूला. गंमत म्हणा की दैव म्हणा, दक्षिणेशी लढायला भरती झालेली ही पलटण आधी मिनेसोटात डाकोटा या मूळनिवासी लोकांविरुद्ध धाडली गेली. मग केंटकी, व्हिक्सबर्गचा वेढा, आर्कान्सातलं हेलेना.

इथं थोडं थांबतो, कारण पशुवैद्यकाला ही पलटण समजते. युद्ध संपेपर्यंत या पलटणीचे लढाईत गेलेले पन्नासच्या आसपास. आजारानं गेलेले चारशेहून जास्त. एका माणसाला गोळी लागली तर आठ हगवणीनं, हिवतापानं, गोवरानं आणि विषमज्वरानं गेले. शेतावरची धडधाकट पोरं. गावाबाहेर न गेलेली, त्यामुळे गर्दीतले आजार अंगाला माहीत नसलेली. त्यांना दलदलीच्या काठावर, एकाच पाण्यावर, हजारोंच्या संख्येनं आणून ठेवलं. बाजारातून चार गावची वासरं एका गोठ्यात कोंबली की जे होतं तेच झालं. जंतूंचं शास्त्र तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. पण ‘बाहेरून आलेलं जनावर आणि न दिसणारा आजार’ हा विषय रस्कला पुढे कोणी पुस्तकातून शिकवायची गरज पडली नसावी. हे माझं अनुमान आहे, त्यानं तसं कुठं लिहिल्याचं म्हणत नाही.

२२ जुलै १८६४ ला जॉर्जियातल्या डेकेटर इथं पलटणीचा कर्नल जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. तेव्हापासून पलटण रस्कच्या हाताखाली. अटलांटा, मग उत्तरेचा सेनापती शर्मन याची समुद्रापर्यंतची वाट, मग कॅरोलिना. फेब्रुवारी १८६५ मध्ये दक्षिण कॅरोलिनातल्या सॅल्कहॅची नदीच्या दलदलीत कमरेएवढ्या गार पाण्यातून केलेल्या चढाईबद्दल त्याला मानद ब्रिगेडियर जनरल केलं. शर्मनच्या फौजेनं वाटेतली शेतं, गुरं, रेल्वे सगळं साफ केलं होतं हेही लक्षात ठेवा. शेतकरी असलेला माणूस दुसऱ्याच्या शेतावरून असाही जातो.

युद्धानंतरची पंधरा वर्षं मी भराभर उरकतो. राज्याचा बँक-नियंत्रक, १८७१ ते १८७७ संसदेत प्रतिनिधी. तिथं अपंग सैनिकांच्या पेन्शनची समिती त्याच्या अध्यक्षतेखाली होती. उत्तरेच्या राज्यांत जुने सैनिक म्हणजे गठ्ठा मतदार, त्यामुळे या खुर्चीचं मोल समजून घ्या. तुमच्या ‘कुंकू’ या शब्दाला माझं उत्तर इथंच आहे. शेतकरी हे त्याचं घर होतं. मतं मिळवून दिली ती ‘सैनिक’ या बिरुदानं. गावात पुढे त्याचा बँकेतही हिस्सा होता, तेव्हा निव्वळ नांगरावर जगणारा गरीब शेतकरी असं चित्र कोणी रंगवत असेल तर ते सोडून द्या.

१८८२ च्या जानेवारीत तो गव्हर्नर झाला आणि जानेवारी १८८९ पर्यंत राहिला. पहिल्याच वर्षी कसोटी. राज्याच्या उत्तर टोकाला एका रेल्वे कंपनीचं काम बंद पडलं, शेकडो मजूर पगाराविना अडकले, भुकेले, चिडलेले. फौज पाठवा, अशी तार. त्यावर ‘या माणसांना गोळ्या नकोत, भाकरी हवी’ अशा अर्थाचं त्याचं उत्तर प्रसिद्ध आहे, आणि त्याप्रमाणे त्यानं मजुरांचे पैसे वसूल होतील अशी तजवीज केली.

चार वर्षांनी त्याच माणसानं उलटं केलं. मे १८८६. दिवसाला आठच तास काम हवं म्हणून देशभर संप. रस्कच्या राज्यातल्या मिलवॉकी शहरात जवळपास सगळे कारखाने बंद पडले. बे व्ह्यू भागातला लोखंडाचा कारखाना तेवढा चालू. ५ मेच्या सकाळी सुमारे दीड हजार लोक तिकडे चालत निघाले. त्यात पोलिश मजूर पुष्कळ, काही कुटुंबकबिल्यासह. कारखान्याच्या आवारात रस्कनं आदल्या दिवशीपासून राज्याची फौज बसवली होती, आणि जमाव पुढे आला तर गोळी चालवा हा हुकूम त्याचाच. सुमारे दोनशे यार्डांवरून गोळीबार झाला. मेलेल्यांचा आकडा सहसा सात सांगतात, त्यात तेरा वर्षांचा एक शाळकरी मुलगा. आदल्याच रात्री शिकागोत हेमार्केट चौकातल्या मजुरांच्या सभेत बॉम्ब फुटला होता, तेव्हा घाबरलेल्या मध्यमवर्गानं आणि वर्तमानपत्रांनी गव्हर्नरला डोक्यावर घेतलं. ‘कर्तव्य दिसलं, केलं’ हे त्याच्या तोंडचं म्हणून सांगितलेलं वाक्य देशभर फिरलं. त्या नोव्हेंबरात तो पुन्हा निवडून आला. बे व्ह्यूत आजही दर मे महिन्यात लोक त्या जागी जमतात.

तुम्ही विचारलंत, तो हाच का. हाच. १८८२ चा खरा आणि १८८६ चा खोटा, किंवा उलट, असं काही नाही. पगार बुडालेला मजूर त्याला शेतकऱ्यासारखा दिसला: काम केलंय, दाम मिळालं नाही, अन्याय उघड. आठ तास मागणारा मजूर त्याला कळलाच नाही. सूर्योदय ते सूर्यास्त राबणाऱ्या माणसाला ‘आठ तास’ ही मागणी कशी वाटली असेल ती कल्पना करा. आमच्या गावातले जुने शेतकरी रोजगार हमीबद्दल काय बोलायचे ते मी ऐकलं आहे. आणि समोर जमाव उभा राहिला तेव्हा आतला मेजर जागा झाला. हुकूम द्यायचा, पाळला जाईल एवढं पाहायचं. हा हुकमाचा हात नीट पाहून ठेवा, कारण पुढे ज्या कामासाठी आम्ही पशुवैद्यक त्याचं नाव घेतो, तेही याच हातानं झालं आहे.

गव्हर्नर असताना शेतीकडे त्याचं लक्ष होतं, तेही खरं. गहू तांबेऱ्यानं आणि किडीनं हातचा जात होता, जमिनी थकल्या होत्या, आणि राज्य हळूहळू गाईकडे वळत होतं. १८८५ मध्ये विधिमंडळानं शेतकरी मेळाव्यांसाठी ५,००० डॉलर मंजूर केले. विद्यापीठातला माणूस गावोगाव जाणार, शेतकऱ्यासमोर बोलणार, शेतकरी त्याला उलटे प्रश्न विचारणार. आपल्याकडचे कृषी मेळावे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना यातलं अर्धं ओळखीचं वाटेल. उलटे प्रश्न विचारण्याचा भाग सोडून. त्याच विद्यापीठात १८९० मध्ये बॅबकॉकनं दुधातलं फॅट मोजायची सोपी रीत काढली: दुधात सल्फ्युरिक ॲसिड, बाटली गरागरा फिरवायची, वर आलेलं लोणी मानेवरच्या रेषांत वाचायचं. आपल्या संकलन केंद्रांवर वर्षानुवर्षं चाललेली गर्बर पद्धत तिची चुलत बहीण.

आता मंत्रिपद. अमेरिकेच्या कृषी खात्याला मंत्रिमंडळात खुर्ची मिळाली फेब्रुवारी १८८९ मध्ये. पहिला मंत्री नॉर्मन कोलमन जेमतेम काही आठवडे होता, कारण मार्चमध्ये सरकारच बदललं. अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी रस्कला आणलं. लोक त्याला ‘अंकल जेरी’ म्हणत. म्हणजे खातं नवं, आणि पूर्ण चार वर्षं ते चालवणारा पहिला माणूस हा.

त्या वेळी अमेरिकी शेतकऱ्याचं दुखणं होतं ते असं. मांस आणि गुरं भरपूर, पण युरोप घ्यायला तयार नाही. ब्रिटनमध्ये १८७९ पासून अमेरिकी गुरं बंदरावरच दहा दिवसांत कापायची सक्ती होती. आत नेऊन चारून विकायची सोय नाही, त्यामुळे भाव पडलेला. कारण दिलं जायचं संसर्गजन्य फुफ्फुसदाहाचं. इटली, फ्रान्स, जर्मनीनं १८७९ ते १८८३ च्या दरम्यान अमेरिकी डुकराच्या मांसावर बंदी घातली. कारण त्यातल्या ट्रायकिना या कृमीचं. युरोपच्या या भीतीत स्वतःच्या शेतकऱ्याला वाचवायचा डाव किती आणि खरी काळजी किती, यावर वाद घालता येईल. पण अमेरिकेकडे ‘आमचं जनावर निरोगी आहे’ असं सही-शिक्क्यानिशी सांगणारं कोणी नव्हतं, हे खरंच होतं. दाखलाच नव्हता. बाजाराच्या दारात दाखल्याविना उभा असलेला शेतकरी किती लाचार असतो, हे मी लाळ्या-खुरकताच्या साथीत पाहिलं आहे.

फुफ्फुसदाहाचं काम रस्कच्या आधीच सुरू झालं होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. हा आजार १८४३ मध्ये ब्रुकलिनला जहाजावरून उतरवलेल्या एका गाईबरोबर आला. १८८४ मध्ये पशुउद्योग विभाग स्थापन झाला. प्रमुख डॅनियल सॅल्मन, आणि कायद्यानं माणसं जास्तीत जास्त वीस. वीस माणसांत अख्खा देश! १८८६ मध्ये शिकागोत दारूच्या भट्टीला लागून असलेल्या गोठ्यांत आजार सापडला. भट्टीतला गरम चोथा खाणारी गुरं, दावणीला दावण, हवा नाही. मी हा आजार प्रत्यक्ष कधी पाहिला नाही; आपला देश २००७ मध्ये त्यातून मुक्त म्हणून जाहीर झाला, आणि आम्ही फुफ्फुसाचे तुकडे बाटलीतच पाहिले. कापल्यावर संगमरवरासारखं दिसतं: लाल, करडे तुकडे आणि मधून पांढऱ्या रेषा. खरी मेख वेगळी आहे. बरं झालेलं जनावर फुफ्फुसात मेलेल्या मांसाची एक गाठ बाळगून महिनोन्महिने हिंडतं. खातंय, दूध देतंय, आणि शेजारणीला देतंय. वरून पाहून ओळखता येत नाही.

म्हणून उपाय एकच: आजारी आणि त्याच्या संगतीत राहिलेलं, दोन्ही मारायचं, भरपाई द्यायची, गोठा बंद. डोळ्यांना ठणठणीत दिसणारी गाय सरकारी माणूस मारायला आला तर गोठेवाला काय करेल? जे आपल्याकडे झालं असतं तेच: दार लावलं, गुरं लपवली, रातोरात हलवली. इथं तो हुकमाचा हात कामाला आला. रस्कनं सॅल्मनला मागे ओढलं नाही, राजकारण्यांना मध्ये पडू दिलं नाही. सप्टेंबर १८९२ मध्ये त्याच्या सहीनं जाहीर झालं की देशात हा आजार उरला नाही. गुरांचा एवढा मोठा आजार एवढ्या मोठ्या देशातून मुळासकट काढल्याची उदाहरणं तोवर फार नव्हती.

डुकराच्या मांसाचा भाग मला फार आवडतो. १८९० आणि १८९१ च्या कायद्यांनी मांस तपासणी खात्याकडे आली. १८९१ च्या उन्हाळ्यात शिकागोच्या कत्तलखान्यांत सूक्ष्मदर्शकांची रांग लागली, आणि त्यावर बसल्या बहुतेक मुली आणि बायका. डुकराच्या अंगातून ठरलेल्या जागांचे तुकडे यायचे, एक त्यातला श्वासपटलाचा, कारण कृमी तिथं जास्त. तांदळाएवढा कण दोन काचांमध्ये दाबायचा आणि पाहायचा. स्नायूंच्या समांतर धाग्यांत लिंबाच्या आकाराचा कोष आणि आत घड्याळाच्या स्प्रिंगसारखं वेटोळं दिसलं की ते डुक्कर निर्यातीतून बाद. दिवसभर हेच. काही महिन्यांत जर्मनीनं बंदी उठवली. यात केवळ सूक्ष्मदर्शकाचं पुण्य नव्हतं. जर्मन साखरेवर कर लावण्याची धमकीही हॅरिसन सरकारच्या खिशात होती. पण धमकीला सोबत दाखला लागतो, नाहीतर ती नुसती दमदाटी.

आता गोचीड.

टेक्सासची गुरं उत्तरेला हाकत नेली की वाटेवरची उत्तरेकडची गुरं महिन्याभरात मरायला लागायची. टेक्सासची गुरं मात्र धडधाकट. ताप, लाल-काळी लघवी, पांढुरके डोळे, मरण. गुराखी म्हणायचे, हा गोचिडाचा प्रताप. विद्वान हसायचे. गोचिडानं काय होणार? मग १८८९ पासून वॉशिंग्टनजवळच्या खात्याच्या शेतावर किलबोर्न आणि थिओबाल्ड स्मिथ या खात्याच्याच संशोधकांनी जो प्रयोग मांडला, तो पशुवैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असायला हवा. एका कुरणात दक्षिणेची गुरं गोचिडांसकट आणि सोबत स्थानिक गुरं. दुसऱ्यात दक्षिणेची गुरं, पण हातानं एकेक गोचीड वेचून काढलेली, सोबत स्थानिक. तिसऱ्यात दक्षिणेचं जनावर नाहीच, नुसते गोचीड गवतात टाकलेले. पहिल्या आणि तिसऱ्या कुरणातली स्थानिक गुरं आजारी पडली. दुसऱ्यातली राहिली. गुराखी बरोबर होते.

कूपर कर्टिस यानं गोचिडाचं आयुष्य जुळवलं: मादी रक्त पिऊन टम्म फुगते, खाली पडते, हजारो अंडी घालते, पिल्लं गवताच्या शेंड्यावर जाऊन वाट पाहतात. आजार महिनाभर उशिरा का येतो त्याचं कोडं इथं सुटलं. आणि स्मिथला तांबड्या रक्तपेशींच्या आत नासपातीच्या आकाराच्या परजीवींची जोडी सापडली. गोचीड-डासासारख्या प्राण्याला आजार वाहून नेता येतो हे इतकं नीट सिद्ध करणारं हे पहिल्या कामांपैकी. डासाचं आणि हिवतापाचं कोडं रॉसनं भारतात सोडवलं ते त्यानंतर, १८९७ मध्ये. स्मिथ आणि किलबोर्न यांचा अहवाल १८९३ मध्ये छापला गेला. तोवर रस्कच्या खात्यानं दक्षिणेच्या गुरांसाठी वेगळे रेल्वे डबे, वेगळे कोंडवाडे आणि नकाशावर एक रेषा आखली होती: वर्षाच्या ठराविक महिन्यांत या रेषेच्या वर गुरं आणायची नाहीत.

रस्कला सूक्ष्मदर्शकातलं काही कळत नव्हतं. श्रेय त्याचं नाही, आणि त्यानं ओढूनही घेतलं नाही. त्याचं काम पैसा, जागा आणि संरक्षण देण्याचं. हा गुण दिसायला छोटा असतो. पण मी सतरा-अठरा मंत्र्यांच्या काळात नोकरी केली. न कळणाऱ्या गोष्टीत बोट न घालणारा मंत्री मला बोटांवर मोजण्याइतकाच आठवतो.

अर्थात त्याच्या खात्याचं हसंही झालं. स्फोट केले की पाऊस पडतो, असा एक समज तेव्हा जोरात होता. संसदेनं पैसे मंजूर केले आणि १८९१ च्या ऑगस्टमध्ये डायरेनफोर्थ नावाच्या गृहस्थानं कृषी खात्याच्या नावावर टेक्सासात तोफा, फुगे आणि सुरुंग उडवले. पावसाळी दिवसांत केलेला प्रयोग, थोडा पाऊस पडला, वर्तमानपत्रं खूश, हवामानवाले हैराण. २००३ मध्ये आपल्याकडे विमानं ढगांत गेली तेव्हा मला याच प्रकरणाची आठवण झाली होती. तंत्र वेगळं, पण पाऊस पडल्यावर ‘आमच्यामुळे’ म्हणणारे तेच.

मार्च १८९३ मध्ये सरकार गेलं, तो विरोक्वाला परतला आणि २१ नोव्हेंबर १८९३ ला तिथंच वारला. त्रेसष्ट वर्षांचा. थडगं गावच्या दफनभूमीत आहे. आम्ही गेलो तेव्हा संध्याकाळ होती, आणि जावई गाडीतून उतरला नाही.

आता तुमची गाय. १९८० च्या दशकात, नोकरीच्या पहिल्या वर्षी, एका म्हाताऱ्या धनगरानं मला सांगितलं होतं, ‘साहेब, भाईरच्या गाईला हितला गोचीड मानवत न्हाई.’ मी हसलो होतो. पुस्तक वाचून पास झालो होतो, पण टेक्सासचा ताप आणि तो धनगर यांची गाठ माझ्या डोक्यात पडली नव्हती. त्याच्या दारच्या संकरित गाईला मी दोन दिवस नुसत्या तापाची औषधं दिली. ती गेली.

आपल्याकडे गोचीड निराळ्या जातीचा, पण आजार त्याच घराण्यातला: बबेसिया. गावठी वासरू लहानपणीच गोचिडांनी चावलं जातं, हलकासा ताप येतो, आयुष्यभराचं अंगी बाणतं. टेक्सासची गुरं ठणठणीत होती ती याचसाठी. तुमची एचएफ जर गोचीड नसलेल्या बंदिस्त फार्मवर वाढली असेल, तर ती टेक्सासच्या वाटेत उभ्या असलेल्या उत्तरेच्या गाईसारखीच. बावीस दिवस हा हिशेबही त्यात बसतो.

पुढची गाय आणाल तेव्हा येताच आणि पुढचा महिनाभर रोज ताप मोजा. १०३ च्या वर गेला की लघवीची वाट पाहू नका; कानाच्या शिरेतला रक्ताचा थेंब काचेवर पसरून तालुक्याच्या प्रयोगशाळेत पाठवा. जोडी दिसली तर डिमिनाझिनचं इंजेक्शन वेळेत काम करतं, मात्र मात्रा वजनावर आणि डॉक्टरच्या हातूनच. अंगावरचे गोचीड मारून भागत नाही. गव्हाणीच्या आणि भिंतीच्या फटी पाहा, अंडी तिथं असतात. आणि नवी गाय जुन्यांना लागून बांधू नका.

एक गोष्ट मात्र तुम्ही लिहिली नाहीत. ती गाय व्यायलेली होती का, आणि किती दिवसांपूर्वी? व्यायल्यावर दोन-चार आठवड्यांत, भरपूर दूध देत असताना, ताप नसताना लघवी लाल झाली असेल तर कदाचित गोचिडाचा यात काही दोष नाही. फॉस्फरस कमी पडला असेल, आणि मग बाकीच्या दुभत्या जनावरांचाही खुराक आत्ताच बघावा लागेल. ताप मोजला होता का तेही कळवा.